गोव्यातली काजूची भट्टी

काजू पोर्तुगीजांनी 16व्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणला. त्याच्या बोंडांची दारू गाळण्यासाठी जी घरगुती भट्टी रुळली, तिला भांडवल फारसे लागत नसे. कातळात कोरलेल्या खळग्यात बोंडे पायांनी तुडवायची आणि रस मडक्यांत दोनतीन दिवस आंबवायचा. खर्चाची बाब एकच, ती म्हणजे ‘भाण’ हे उकळण्याचे भांडे. पूर्वी ते मातीचे असे. स्वस्त, पण तडकले की आतला सगळा माल चुलीत. तांब्याचे भाण महाग पडले तरी पिढ्यान्‌पिढ्या टिके, म्हणून ज्याला जमले त्याने तांबेच घेतले. वाफ नळीतून ‘लावणी’ या दुसऱ्या मडक्यात जाई. त्यावर माणूस सतत गार पाणी ओतत बसे. पुढे पाण्याच्या टाकीतल्या वेटोळ्या नळीने ही मेहनत वाचवली. पहिल्या धारेचा सौम्य हुर्राक, पुन्हा गाळल्यावर कडक फेणी.

1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने ब्रिटिश हद्दीतली दारूवरच्या कराची अबकारी पद्धत गोव्यातही आणली. तो तह 1892 मध्ये संपला. काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले ते 2009 मध्ये.