कुत्र्याचा घास

मनुष्यानें जीं जनावरें घरीं आणिलीं, त्यांत कुत्र्याचें स्थान निराळें आहे. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, घोडा स्वाराला वाहून नेतो. त्यांच्या चाऱ्याची तजवीज धनी आपल्या हिताकरितां करितो आणि तो चारा रानांतून किंवा शेतांतून येतो. कुत्रा खातो तें मात्र माणसाच्याच चुलीवर शिजलेलें अन्न. भाकरी, भात, दूध, मटणाचे तुकडे, असें घरांत जें असेल त्याचाच कांहीं अंश त्याच्या वांट्याला येतो. म्हणून कुत्र्याच्या अन्नाचा इतिहास हा एका परीनें माणसाच्या स्वयंपाकघराचाच इतिहास होय. हा अंश उष्टें म्हणून टाकावयाचा कीं त्याचा हक्काचा वांटा म्हणून काढून ठेवावयाचा, या प्रश्नाभोंवतीं तो इतिहास फिरत आलेला आहे. कुत्र्यांच्या पायीं मुंबई शहरांत तर एकदां लष्कर बोलवावें लागलें होतें.

महाराष्ट्राच्या भूमींत हें साहचर्य फार जुनें आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं धातूंत ओतलेल्या चार प्राचीन वस्तु सांपडल्या. त्यांतील बैलांच्या रथाच्या दांडीवर एक लहानसें कुत्रें उभें आहे. पुढें धर्मशास्त्रकारांनीं गृहस्थाला जे पंचमहायज्ञ सांगितले, त्यांत भूतयज्ञ आला. स्वतः जेवण्यापूर्वीं कुत्रे, कावळे आणि किडामुंगी यांच्याकरितां अन्न भुईवर ठेवावें, अशी आज्ञा मनुस्मृतींत आहे. श्राद्धाच्या दिवशीं श्वानबलि आणि काकबलि काढण्याची रीत त्याच परंपरेंतली. मात्र मनुस्मृतींतील त्याच यादींत कुत्र्याच्या शेजारीं बहिष्कृत आणि रोगी माणसेंही बसविलेलीं आहेत. ही गोष्ट लपवून त्या आज्ञेची नुसती स्तुति करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कुत्र्याला घास मिळे, पण तो ज्या भुईवर टाकला जाई त्या भुईवर समाजानें माणसालाही ढकललें होतें.

संतांनीं ही भुई आणि हें ताट यांतलें अंतरच पुसून टाकलें. नामदेवांची गोष्ट महाराष्ट्रांतल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. कुत्र्यानें भाकरी पळविली, तेव्हां नामदेव हातांत काठी न घेतां तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले. कोरडी भाकरी त्याच्या घशाखालीं कशी उतरेल, एवढीच त्यांना काळजी. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. परंतु ती सातशें वर्षांच्या परंपरेनें जपली, यांतच लोकांना काय भावलें तें कळतें. जेजुरीच्या खंडोबापाशीं कुत्रा असतो आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवितात. दत्तात्रेयांच्या पायांशीं चार कुत्रे असतात, त्यांना भाविक चार वेद मानतात. ज्या जनावराचें नांव शिवी म्हणून वापरावयाचें, त्यालाच देवाजवळ बसवावयाचें, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

या बाबतींत सर्वांत स्पष्ट विचार मुंबईच्या पारशी समाजाच्या धर्मग्रंथांत आढळतो. वेंदिदादाचें तेरावें प्रकरण कुत्र्यांनाच वाहिलेलें आहे. मेंढ्या राखणारा कुत्रा, घर राखणारा कुत्रा, असे त्यांचे दर्जे तेथें सांगितले आहेत. आणि त्यांना वाईट अन्न घालणें म्हणजे तशाच दर्जाच्या माणसाला वाईट अन्न वाढण्याइतकें पाप मानलें आहे. कुत्र्याला योग्य अन्न कोणतें, तेंही सांगितलें आहे: दूध, चरबी आणि मांस. मृत देहाला कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा सगदीद हा विधि पारशांत प्रसिद्ध आहे. जेवणापूर्वीं कुत्र्याकरितां घास काढण्याची त्यांची चालही जुनी. तेथें घास काढून ठेवणें हें धर्मकर्तव्य होतें. याच श्रद्धेची आणि इंग्रजी राज्यकारभाराची १८३२ सालीं टक्कर झाली.

त्या काळीं मुंबईंत मोकाट कुत्र्यांचा उपद्रव होता, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर उपाय नव्हता. वर्षांतून ठराविक दिवसांत बेवारशी कुत्रीं मारण्याचा अधिकार पोलिसांना होता. १८३२ सालीं ती उन्हाळी मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेण्यांत आली. प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस मिळे. आठ आणे ही त्या काळीं लहान रक्कम नव्हती, आणि बेवारशी कोण हें ठरविणारा बक्षीस घेणारा इसमच असल्यामुळें, दारांत बसलेलीं, घरोघरीं घास खाऊन राहणारीं कुत्रींही मारलीं जाऊं लागलीं. ६ जून हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशीं कोटांत कुत्रीं मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशीं पारशांच्या बरोबरीनें हिंदु, जैन आणि इस्माइली व्यापाऱ्यांनींही दुकानें बंद ठेविलीं. कुलाब्याच्या पलटणीला जाणारी रसद अडविण्यांत आली. शेवटीं दंगलीचा कायदा वाचून दाखवून लष्कर आणावें लागलें; कांहीं लोक पकडले गेले आणि त्यांना शिक्षा झाल्या.

या दंग्याकडे केवळ भूतदयेचा उद्रेक म्हणून पाहणें अपुरें होईल. सरकारच्या दृष्टीनें ज्या कुत्र्याला मालक नव्हता, तें रहिवाशांच्या दृष्टीनें आळीचें कुत्रें होतें. दहा घरें त्याला घास घालीत आणि तें दहा घरें राखी. मालकी म्हणजे पट्टा आणि साखळी, असें इंग्रजी कायदा समजे. येथील लोकांच्या मतें घास घालणें हीच मालकी. मुंबईंत आजही कुत्र्यांवरून जे वाद होतात, त्यांच्या मुळाशीं हाच मतभेद आहे.

दंग्यानंतर सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या वजनदार गृहस्थांनीं मध्यस्थी केली. कुत्रीं मारूं नयेत, त्यांना शहरांतून हलवावें, असा मार्ग निघाला. त्याचेंच पुढचें पाऊल म्हणून १८३४ सालीं जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईचें पांजरापोळ स्थापन झालें. एक पारशी आणि एक जैन, दोघांनीं मिळून केलेली ही सोय. आतां दया ही घरच्या चुलीवरून उचलून संस्थेच्या कोठारांत गेली. १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्याकरितां मुंबईंत मंडळी निघाली. पुढच्या दशकांत परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें आणि १८८६ सालीं त्याच आवारांत पशुवैद्यकाचें शिक्षण सुरू झालें.

याच सुमारास विलायतेंत कुत्र्याचें अन्न प्रथमच कारखान्यांत गेलें. जेम्स स्प्रॅट नांवाचा एक अमेरिकन गृहस्थ विजेपासून इमारतींचें रक्षण करणाऱ्या सळ्या विकण्यास इंग्लंडांत आला होता. बंदरावर जहाजांतलीं कडक बिस्किटें कुत्रीं आवडीनें खातात, असें त्यानें पाहिलें, असें सांगतात. सुमारें १८६० सालीं त्यानें गहूं, बीट, भाज्या आणि मांस यांचीं बिस्किटें करून विकण्यास आरंभ केला. त्याच्याच पदरीं असलेल्या चार्लस क्रफ्टनें १८९१ सालीं लंडनमध्यें आपलें प्रसिद्ध श्वानप्रदर्शन सुरू केलें. विसाव्या शतकांत डबाबंद मांस आणि नंतर यंत्रांतून काढलेले कोरडे दाणे आले. कुत्र्याचें अन्न माणसाच्या अन्नाहून वेगळें असलें पाहिजे, ही कल्पना या धंद्यानें रूढ केली.

आतां मुंबईच्या उपनगरांकडे वळूं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं साष्टी बेटावरचीं गांवें. भाताचीं खाचरें, ताडामाडांच्या बागा, मिठागरें आणि कोळ्यांचे, आगऱ्यांचे, ख्रिस्ती शेतकऱ्यांचे पाडे असें त्यांचें जुनें रूप. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें ही आगगाडी सुरू झाली, १८६७ सालीं विरारहून मुंबईला लोकल धांवूं लागली, आणि हीं गांवें हळूहळू शहराचीं अंगणें बनलीं. खळें आणि खोपटें राखणाऱ्या कुत्र्याला घरच्या भाताची पेज आणि मासळीचीं डोकीं मिळत. पुढें घाटकोपर, मुलुंड या भागांत गुजराती आणि कच्छी कुटुंबें मोठ्या संख्येनें आलीं. त्यांनीं आपल्याबरोबर एक सुंदर रीत आणिली: तव्यावरची पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची. गुजरातेंत कुत्री व्याली म्हणजे मुलें घरोघर हिंडून पीठ, गूळ, तूप गोळा करितात आणि तिच्यासाठीं शिरा शिजवितात. बाळंतिणीला जसा खुराक, तसा हा कुत्रीचा खुराक. खास कुत्र्यांसाठीं गोडधोड करण्याची हौस ही कांहीं आजच्या श्रीमंती घरांतली नवी टूम नाहीं, हें यावरून ध्यानांत यावें.

१९५० आणि १९५७ सालीं महापालिकेची हद्द वाढून हीं उपनगरें मुंबईंत आलीं. अंगणाच्या जागीं चाळी, चाळींच्या जागीं सदनिका उभ्या राहिल्या. चूल गेली आणि दारही बंद झालें. आळीचें कुत्रें मात्र आळींतच राहिलें. महापालिका कित्येक दशकें मोकाट कुत्रीं मारीत होती. १९९४ च्या सुमारास तें धोरण सोडून नसबंदीचा मार्ग धरण्यांत आला. २००१ सालीं त्याविषयीं केंद्राचे नियम झाले, आणि २०२३ सालच्या नियमांत तर कुत्र्यांना अन्न घालण्याची जागा व वेळ रहिवासी संघांनीं ठरवावी, ती जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि जिन्यांपासून दूर असावी, असें सांगण्यांत आलें. ज्या घासावरून १८३२ सालीं दंगा झाला, तो घास जवळजवळ दोन शतकांनीं कायद्याच्या पुस्तकांत आला.

घास कोठें घालावा हें कायदा सांगूं शकेल. कसा करावा हें मात्र शास्त्रानेंच सांगितलें पाहिजे. या विषयीं २०१३ सालीं दोन महत्त्वाचे शोध प्रसिद्ध झाले. स्वीडनच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, लांडग्याच्या मानानें कुत्र्याच्या अंगीं पिष्ट पदार्थ पचविण्याची शक्ति पुष्कळ वाढलेली आहे. माणसाच्या वस्तींत हजारों वर्षें धान्य खाल्ल्याचा हा परिणाम. भाकरीनें कुत्रें वाढविणारा शेतकरी अगदींच चुकत नव्हता. दुसरा शोध कॅलिफोर्नियांतला. घरीं कुत्र्याचें जेवण करण्याच्या दोनशें प्रसिद्ध कृति तेथें तपासल्या गेल्या. त्यांपैकीं शेंकडा ९५ कृतींत कोणतें ना कोणतें आवश्यक पोषकद्रव्य कमी निघालें. प्रेमानें शिजविलेलें अन्न तेवढ्यानेंच पुरें पडत नाहीं, असा याचा अर्थ.

उणीव कोठें राहते तें समजणें कठीण नाहीं. मांसांत स्फुरद पुष्कळ, पण चुना फार थोडा. नुसत्या मांसभातावर वाढलेल्या पिलाचीं हाडें म्हणून ठिसूळ होतात. शिजविलेलें हाड फुटून त्याची कुसळें आंतड्यांत रुततात, तेव्हां हाड घालून ही उणीव भरतां येत नाहीं. ती किती आणि कशानें भरावी हें पशुवैद्याला विचारावें. आपल्या फोडणींतले कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तांतल्या तांबड्या पेशी फोडतात. मनुका, द्राक्षें, चॉकलेट आणि साखरेऐवजीं वापरला जाणारा झायलिटॉल हीं तर त्याला विषासमान. उकडलेलें बिनमसाल्याचें मांस किंवा अंडें, मऊ भात, लाल भोपळा, गाजर यांना हरकत नाहीं. नाचणीच्या पिठांत भोपळ्याचा गर मळून मंद विस्तवावर भाजलेल्या खुसखुशीत वड्या कुत्रीं आवडीनें खातात. पण असा खाऊ दिवसाच्या आहाराच्या एकदशांशाहून अधिक नसावा. तूपगुळाचा शिराही मर्यादेंतच शोभतो.

उष्टें टाकण्याच्या संवयीचा परिणाम बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधल्या डोंगरांत दिसतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला वस्तीचा कचरा सांचला म्हणजे कुत्रीं जमतात, आणि कुत्र्यांच्या मागें बिबट्या येतो. तेथील बिबट्याच्या आहारांत कुत्र्यांचा वांटा मोठा असल्याचें अभ्यासकांना आढळलें आहे. त्या वाटेनें जाणाऱ्या मुलालाही मग धोका संभवतो. भिंतीपलीकडे भिरकावलेलें अन्न दान होत नाहीं. त्याची जबाबदारी कोणीच घेतलेली नसते. उलट ठराविक जागीं, ठराविक वेळीं, एकाच माणसाच्या हातून खाणारें कुत्रें माणसाळतें. लस टोंचण्यास आणि नसबंदीस तें सहज हातीं लागतें. पिसाळण्याचें भय ज्यांना वाटतें त्यांचें समाधान आणि ज्यांना दया येते त्यांचेंही समाधान या एकाच शिस्तींत आहे.

जुन्या काळच्या गृहिणीला चुना आणि स्फुरद यांचें गणित ठाऊक नव्हतें. परंतु घरांतलीं माणसें जेवण्याआधीं कुत्र्याचा घास बाजूस काढावा, तो त्याला पचेल असा असावा, आणि रोजच्या जागीं रोजच्या वेळीं द्यावा, एवढें ती जाणत होती. कुत्र्याला जें द्यावयाचें तें त्याचा वांटा म्हणून द्यावें, आणि दिल्यानंतर त्याच्या बऱ्यावाईटाची जबाबदारीही उचलावी, हीच रीत उपनगरांतल्या बंद दारांच्या घरांनाही पाळतां येण्याजोगी आहे.