कूर्चापेशी : सांध्यांच्या दुरुस्तीतील शक्यता आणि मर्यादा

हाडांच्या टोकांवर, नाकात, बाह्यकर्णात आणि श्वासनलिकेच्या कड्यांमध्ये आढळणाऱ्या लवचीक ऊतीस कूर्चा म्हणतात. काही ग्रंथांत तिचा उल्लेख कास्थी असाही येतो. गुडघ्यात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांवर या ऊतीचा अवघा दोन ते चार मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो. ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे बोलीत म्हटले जाते, तेव्हा बहुधा झिजलेला असतो तो हा थर. सांध्यातील द्रव नव्हे. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे निरीक्षण शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. पावणेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही ते मूलतः खोडले गेलेले नाही.

याचे कारण कूर्चेच्या घडणीतच आहे. पेशींनी तिच्या आकारमानाचा जेमतेम एक ते पाच टक्के भाग व्यापलेला असतो. बाकीचे सारे आधारद्रव्य, म्हणजे मुख्यतः पाणी, कोलॅजेन तंतूंचे जाळे आणि त्यात अडकलेले अ‍ॅग्रिकॅन नावाचे प्रथिन-शर्करा संयुग. ऋणभारित अ‍ॅग्रिकॅन पाणी ओढून घेते आणि फुगू पाहते. कोलॅजेनचे तंतू त्यास आवरून धरतात. या ओढाताणीतूनच सांध्यावर पडणारा भार पेलण्याची क्षमता येते. हे आधारद्रव्य निर्माण करणारी आणि राखणारी पेशी म्हणजे कूर्चापेशी. तिच्यापर्यंत रक्तवाहिनी पोहोचत नाही. अन्न आणि ऑक्सिजन तिला सांध्यातील द्रवातून झिरपत येईल तेवढेच मिळते. त्यामुळे कूर्चेला वरवरची जखम झाल्यास तेथे रक्त साकळत नाही आणि दुरुस्तीसाठी लागणाऱ्या पेशीही येत नाहीत. कूर्चेत मज्जातंतूही नसल्याने रुग्णास वेदना जाणवू लागते तोवर बराच ऱ्हास झालेला असू शकतो.

डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या चित्रात महत्त्वाची भर घातली. विसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले होते. त्याचा माग घेत या संशोधकांनी गुडघ्यातील कोलॅजेनचे वय ठरविले. प्रौढ वयात हे कोलॅजेन जवळपास बदललेच जात नाही, असे त्यांना आढळले. साठीतील मनुष्य ज्या जाळ्यावर चालतो, ते बहुतांशी त्याच्या वाढीच्या वयात विणलेले असते.

मग पेशी बाहेर काढून प्रयोगशाळेत वाढविल्या आणि परत बसविल्या तर? कल्पना सरळ वाटते. अडचण पेशीच्या स्वभावात आहे. सपाट तबकडीवर वाढविलेली कूर्चापेशी आपला गोल आकार सोडून पसरते आणि कूर्चेचे वैशिष्ट्य असलेले दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन बनविणे थांबवून त्वचेत व व्रणात आढळणारे पहिल्या प्रकारचे कोलॅजेन बनवू लागते. थोडक्यात, ती आपला व्यवसाय विसरते. मात्र ही विस्मृती कायमची नसते. अमेरिकेतील बेन्या आणि शेफर यांनी १९८२ मध्ये सशाच्या अशा पेशी अगारोजच्या जेलीत ठेवल्या, तेव्हा त्या पूर्वस्वभावावर आल्या. पेशीइतकाच तिच्या भोवतालचा आधारही महत्त्वाचा, ही जाण या क्षेत्राच्या पुढील वाटचालीमागे आहे.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९८७ मध्ये पहिल्यांदा रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून त्याच्या गुडघ्यात बसविण्यात आल्या. ब्रिटबर्ग, लिंडाल, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. मांडीच्या हाडावर उपचार झालेल्या १६ पैकी १४ जणांत निष्कर्ष चांगले वा उत्तम होते. गुडघ्याच्या वाटीवर उपचार झालेल्या सात जणांपैकी केवळ दोघांत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये या पद्धतीच्या ‘कार्टिसेल’ या उत्पादनास, तर २०१६ मध्ये डुकरापासून मिळविलेल्या कोलॅजेनच्या पटलावर पेशी रुजविणाऱ्या ‘मॅसी’ला मान्यता दिली.

हे उपचार खर्चिक आहेत. म्हणूनच स्वस्त पर्यायाशी तुलना अपरिहार्य ठरते. मायक्रोफ्रॅक्चर पद्धतीत हाडास बारीक छिद्रे पाडली जातात. अस्थिमज्जेतून आलेल्या रक्ताच्या गुठळीतून तंतुमय, तुलनेने कमी टिकाऊ कूर्चा तयार होते. नॉर्वेत ८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर (२००४) आणि पाच वर्षांनंतरही (२००७) पेशीरोपण सरस ठरले नाही. याउलट तीन चौरस सेंटिमीटर वा त्याहून मोठ्या जखमा असलेल्या १४४ रुग्णांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनी वेदना व हालचालींच्या बाबतीत ‘मॅसी’ला यश मिळाले. तरीही दोन्ही गटांत तयार झालेल्या ऊतीच्या दर्जात मोठा फरक दिसला नाही. या दुसऱ्या निष्कर्षाची चर्चा व्हावी तेवढी होत नाही.

स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी पेशींचा स्रोतच बदलला. नाकाच्या पडद्यातील कूर्चापेशी अधिक जोमाने वाढतात. त्यांपासून तयार केलेली कूर्चा २०१४ मधील अहवालानुसार त्वचेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पाच रुग्णांच्या नाकपुडीत, तर २०१६ मधील अहवालानुसार दहा जणांच्या गुडघ्यात बसविण्यात आली होती. १९९७ च्या सुमारास जगभर गाजलेल्या, पाठीवर ‘मानवी कान’ असलेल्या उंदराच्या छायाचित्रापेक्षा हे काम कमी नाट्यमय असले तरी रुग्णांच्या दृष्टीने पुढचे आहे. तो कान मानवी नव्हताच. कानाच्या आकाराच्या साच्यावर गायीच्या कूर्चापेशी वाढविलेल्या होत्या.

भारतात रुग्णाच्याच कूर्चापेशींपासून तयार होणाऱ्या उत्पादनास औषध महानियंत्रकांनी २०१७ मध्ये परवानगी दिली. मात्र हा उपचार दुखापतीमुळे पडलेल्या मर्यादित खड्ड्यांसाठी आहे. वयोमानानुसार संपूर्ण सांधा झिजतो, त्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर तो लागू पडत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०१७ मध्ये शिफारस करताना सांध्याची झीज अत्यल्प असावी आणि जखम दोन चौरस सेंटिमीटरहून मोठी असावी, अशा अटी घातल्या. गुडघ्यात मूलपेशींचे इंजेक्शन देऊन कूर्चा नव्याने उगवेल, अशा जाहिरातींना भुलणाऱ्या ज्येष्ठ रुग्णांनी हा भेद विशेष ध्यानात घ्यावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या काही विकारांसारखे मान्यताप्राप्त अपवाद वगळता मूलपेशींचा वापर केवळ परवानगी घेतलेल्या वैद्यकीय चाचण्यांतच करता येतो, आणि अशा चाचणीत सहभागी रुग्णाकडून उपचाराचे शुल्क घेणे अभिप्रेत नाही.