साताऱ्याची वाट

देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. प्रवेश परीक्षा देऊनच. वय उलटलं की दार बंद. दारव्ह्यात गुरुजींनी कंदिलाशी बसवून माझ्याकडून गणितं घोटून घेतली. १९७० ला मी पास झालो. बाबांनी कापूस विकून पैसे आणले. आई मात्र उंबऱ्यात बसली, "शकुंतलेनं मूर्तिजापूर, मंग रात्रभर रेल्वे. लेकराले ताप आला तं कोन पाहीन?" मी गेलो नाही.

२०१९ मध्ये शेजारच्या चंद्रपुरात सैनिक शाळा आली. २०२१ पासून देशभरच्या सैनिक शाळांत मुलींनाही प्रवेश मिळू लागला. परवा नातीचा फॉर्म भरताना नव्वदीतली आईच म्हणाली, "जाऊ दे तिले. तुले अडोलं, थे अजून सलते."