प्रवराकांठ व तांबडें द्राक्षमद्य : शब्द आणि वस्तु

भंडारदऱ्याजवळचा डोंगर ओलांडून उत्तरेस उतरलें कीं इगतपुरी तालुका लागतो. तेथें कावनई व सांजेगांव या गांवीं अलीकडे द्राक्षमद्याचे कारखाने झाले असून, शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों अशा परदेशी जातींच्या काळ्या द्राक्षांचें गडद तांबडें मद्य तेथें निघतें. रंगानें पिकल्या जांभळासारखें, अंगानें भारी आणि जिभेस ओढणारें असें हें पेय आहे. संस्कृत ग्रंथांतील द्राक्षमद्याचे उल्लेख दाखवून हें पेय या प्रांतीं पुरातन होतें असें अनुमान काढण्याचा मोह सहज होतो. तें कितपत टिकतें, हें पाहणें अवश्य आहे.

प्रथम शब्दांचा पुरावा घेऊं. कौटिलीय अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे मद्याचे सहा प्रकार येतात. पैकीं ‘मधु’ म्हणजे द्राक्षरसाचें मद्य. त्यास उत्पत्तिस्थानावरून कापिशायन व हारहूरक अशीं दोन नांवें दिलीं आहेत. कापिशी ही नगरी काबूलच्या उत्तरेकडील होय. ‘कापिशायन’ हें रूप साधण्यास पाणिनीनें स्वतंत्र सूत्र केलें आणि काशिकाकारांनीं त्याचीं उदाहरणें दिलीं तीं मधु व द्राक्षा हींच. तेव्हां हे शब्द वायव्येकडे बोट दाखवितात, सह्याद्रीकडे नव्हे.

आतां वस्तूंचा पुरावा. रतनगडाच्या कुशींत उगम पावणारी प्रवरा, 1926 मध्यें पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणांतून निघून पुढें नेवाशास जाते. तेथें डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकळिया यांनीं 1954 ते 1956 या काळांत उत्खनन केलें, त्यांत भूमध्य समुद्राकडील दोन मुठींच्या कुंभांचीं खापरें मिळालीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत भरुकच्छ बंदरीं इटलीचें मद्य विशेष खपे असें सांगितलें आहे, व पैठण आणि तगर येथील माल गाड्यांनीं त्याच बंदरास जाई असेंही म्हटलें आहे. यावरून परदेशी मद्य प्रवराकांठीं पोंचलें असणें संभवतें. परंतु तशा कुंभांतून तेल व माशांचें आंबवणही येत असे. शिवाय नुसत्या खापरावरून आंतील मद्य तांबडें कीं पांढरें हें ठरत नाहीं. चौदाव्या शतकांत इब्न बतूता दौलताबादेस द्राक्षें व डाळिंबें होतात असें लिहितो खरा; पण त्यावरून सिद्ध होतें तें फळ, मद्य नव्हे.

राहतां राहिली रुचि. वाग्भटानें मार्द्वीक हें मधुर म्हणून वर्णिलें आहे. आजच्या गडद तांबड्या मद्याचा जो विशेष वाखाणला जातो, तो मात्र तुरटपणा होय. द्राक्षाचा रस काढून निराळा आंबविला तर मद्य फिकें होतें. सालींसह आंबविला तर रंग व तुरटपणा दोन्ही उतरतात. तुरटपणा देणाऱ्या द्रव्यास टॅनिन म्हणतात. तें लाळेंतील प्रथिनांस बांधतें, म्हणून जीभ आखडते. भंडारदऱ्याच्या रानांत हिरडा गोळा करणाऱ्यांस हा अनुभव नवा नाहीं. हिरड्यांतील टॅनिनाची जात निराळी, परंतु काम तेंच. म्हणूनच कातडीं कमावण्यास व रंगकामास तो खपत आला.

येथें संस्कृत भाषेचा एक विशेष नमूद करण्यासारखा आहे. अमरकोशांत तुवर व कषाय हे पर्याय आहेत. मराठी ‘तुरट’ त्या तुवराच्याच कुळांतला दिसतो. आणि ‘कषाय’ म्हणजे तुरट रस, तसाच तांबूस रंगही. भिक्षूचें काषाय वस्त्र तें यामुळेंच. झाडाच्या सालीचा काढा जिभेस ओढतो व वस्त्रास रंगवितो, हें पाहणाऱ्यांनीं दोहोंस एकच शब्द योजिला असावा. द्राक्षाच्या सालींतही या दोन गुणांचें घर एकच आहे.

तात्पर्य, या मद्याची चव सांगावयास शब्द आपले पुरातन आहेत. वस्तु मात्र येथें नवी आहे. महाराष्ट्र शासनानें द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचें धोरण आंखलें तें 2001 मध्यें, आणि या धंद्याचा खरा विस्तार त्यानंतरचा. ज्या शेतकऱ्यांनीं परक्या वेलीस येथील मातीची संवय लाविली, त्यांचें श्रेय कौटिल्याच्या पदरीं घालणें हा त्यांच्यावर अन्याय होईल. प्रवराकांठच्या पांढरींत मुठीचीं जाड खापरें कोणास आढळल्यास तीं जागेवरून न हलवितां पुरातत्त्व खात्यास कळवावें, एवढी विनंति करून हें टिपण पुरें करितों.