मातीची पाळ पूर कशी अडवते? पावसाळ्यात गावाने काय पाहावे?

शहापूर (ता. भंडारा) : या पट्ट्यातल्या नाल्यांचे पाणी शेवटी वैनगंगेला जाते. नदी फुगली की नाल्याला वाट मिळत नाही, पाणी उलटे चढून धानाच्या बांध्यांत शिरते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस जिल्ह्याने हे पाहिले. अशा वेळी वरच्या अंगाला मातीचा लहान बांध असेल तर जोराचा लोंढा तिथे थांबतो आणि पाणी हळूहळू खाली सुटते.

जुनी विद्या
आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधले. तेच आजचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. एकाचा सांडवा भरला की पाणी खालच्या तलावात, अशी साखळीच असायची.

रचना
पोटात पाणी न झिरपणारी चिकण माती, बाहेरून मुरूम, पाण्याच्या बाजूला दगड. सांडवा पाळीच्या माथ्यापेक्षा खाली असतो. पाणी सांडव्यावरून गेले तर चालते. पाळीवरून गेले तर माती कापत जाते आणि थोड्याच वेळात भगदाड पडते. गाळ साचला की पूर सामावून घ्यायची जागाही कमी होते.

धोक्याच्या खुणा
• पायथ्याशी गढूळ पाणी निघणे. थोडा स्वच्छ पाझर चालतो, पण त्यावरही नजर हवी. गढूळ म्हणजे आतली माती वाहून राहिली.
• पाळीवर लांब भेग, खचलेली जागा.
• उंदीर-खेकड्यांची बिळे, बेशरम व मोठी झाडे. मोठे झाड परस्पर उपटू नये, मुळाच्या जागी पोकळी राहते.
• सांडव्यात मासोळीची जाळी, फळ्या किंवा मातीची पोती. जास्त पाणी साठवायच्या नादात पाळ जाते.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले. वीसच्या आसपास जीव गेले. तेही मातीचेच होते आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

काय करावे?
मृगाच्या आधी पाळ पायी फिरून पाहावी. खूण दिसली तर फोटो काढून ग्रामपंचायत, तलाठी व जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाला लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. गढूळ पाण्याची धार वाढली तर पाळीवर गर्दी करू नये. खालच्या वस्तीला आधी उठवावे, मग १०७७ वर जिल्हा आपत्ती कक्षाला कळवावे.