नागपूर दक्षिण-पश्चिम विधानसभा मतदारसंघ : निर्मिती आणि निवडणुकांचा मागोवा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या निवडणूक इतिहासात नागपूर शहराचे स्थान वेगळे आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील मतदारांनी मध्य प्रदेश विधानसभेसाठी मतदान केले, १९५७ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी आणि १९६२ पासून महाराष्ट्र विधानसभेसाठी. दहा वर्षांत तीन राज्यांच्या विधानसभांसाठी मतदान करणाऱ्या आणि राजधानीचा दर्जा गमावलेल्या या शहराने प्रस्थापित पक्षाला अधूनमधून धक्के दिले आहेत. १९५७ मध्ये कामगार नेते ए. बी. बर्धन यांना अपक्ष म्हणून नागपुरातून विधानसभेवर पाठविण्यात आले. १९७१ मध्ये, देशभर इंदिरा लाट असताना, लोकसभेसाठी जांबुवंतराव धोटे यांची निवड झाली. त्यामुळे नागपूर हा एखाद्या पक्षाचा सनातन बालेकिल्ला असल्याची समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. नागपूर दक्षिण-पश्चिम या मतदारसंघाबाबतही हाच सावधपणा आवश्यक आहे.

मतदारसंघाची निर्मिती

हा मतदारसंघ वयाने लहान आहे. २००१ च्या जनगणनेवर आधारित पुनर्रचना २००८ मध्ये अंमलात आली. राज्यातील एकूण २८८ जागा कायम राहिल्या; विदर्भाच्या मात्र ६६ वरून ६२ झाल्या. विदर्भाला झालेल्या या नुकसानीची चर्चा पुष्कळ झाली. नागपूर शहरात याच वेळी उलट घडले, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. उत्तर, पूर्व, दक्षिण, मध्य व पश्चिम या पाच जागांमध्ये दक्षिण-पश्चिम या सहाव्या जागेची भर पडली. ग्रामीण विदर्भाचे प्रतिनिधित्व घटत असताना शहराचे वाढले. स्थलांतराने फुगलेल्या वस्त्यांचा तो राजकीय परिणाम होता.

क्रमांक ५२ च्या या मतदारसंघात खामला, प्रतापनगर, जयताळा यांसारखे भाग येतात. नोकरदारांच्या गृहनिर्माण वसाहती आणि शहराने पोटात घेतलेली जुनी गावे येथे शेजारी नांदतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा दिली, ती दीक्षाभूमीही याच मतदारसंघात आहे. त्यामुळे सुशिक्षित मध्यमवर्ग, कुणबी व अन्य बहुजन समाज आणि आंबेडकरी समाज या तिहेरी रचनेचा विचार केल्याखेरीज येथील निकालांचा अर्थ लागत नाही.

पूर्वपीठिका : नागपूर पश्चिम

नव्या मतदारसंघाची राजकीय मुळे जुन्या नागपूर पश्चिममध्ये आहेत. १९९० व १९९५ मध्ये तेथून भारतीय जनता पक्षाचे विनोद गुडधे पाटील विजयी झाले. १९९९ मध्ये लोकसभा व विधानसभेच्या निवडणुका एकत्र झाल्या. पक्षाने गुडधे पाटलांना लोकसभेच्या रिंगणात उतरविले आणि पश्चिमची उमेदवारी माजी महापौर देवेंद्र फडणवीस यांना दिली. गुडधे पाटील काँग्रेसच्या विलास मुत्तेमवारांकडून पराभूत झाले. फडणवीसांनी अशोक धवड यांचा सुमारे नऊ हजार मतांनी पराभव करून विधानसभेत प्रवेश केला. एकाच पक्षातील दोघांचे मार्ग येथे फुटले. गुडधे पाटील पुढे काँग्रेसमध्ये गेले, आणि या घटनेचे पडसाद पुढील पंचवीस वर्षे उमटत राहिले. २००४ मध्ये फडणवीसांसमोर काँग्रेसचे प्रदेशाध्यक्षपद भूषविलेले रणजित देशमुख होते. ही लढतही फडणवीसांनीच जिंकली.

२००९ ते २०२४

२००९ मध्ये फडणवीसांनी पश्चिम सोडून नव्या दक्षिण-पश्चिममधून निवडणूक लढविली. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसचे विकास ठाकरे होते. दोघेही शहराचे माजी महापौर असल्याने लढतीला महापालिकेच्या राजकारणाची किनार होती. ठाकरे पराभूत झाले. पुढे २०१९ व २०२४ मध्ये ते नागपूर पश्चिममधून निवडून आले. पुनर्रचनेनंतर मूळच्या पश्चिममध्ये काँग्रेसला पुन्हा वाट सापडली आणि दक्षिण-पश्चिममध्ये ती सापडली नाही, ही बाब विभाजनाचा परिणाम दाखविण्यास पुरेशी आहे.

२०१४ मध्ये युती व आघाडी दोन्ही तुटल्या. फडणवीसांना १,१३,९१८ मते मिळाली. काँग्रेसचे प्रफुल्ल गुडधे पाटील ५४,९७६ मतांवर थांबले. हे प्रफुल्ल म्हणजे विनोद गुडधे पाटलांचे पुत्र. त्या वर्षी शहरातील सहाही जागा भाजपकडे गेल्या. ३१ ऑक्टोबर रोजी फडणवीसांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक व सुधाकरराव नाईक हे मुख्यमंत्री विदर्भाचेच होते. परंतु नागपूर शहराचा आमदार प्रथमच या पदावर पोहोचला.

२०१९ मध्ये आशिष देशमुख हे काँग्रेसचे उमेदवार होते. ते रणजित देशमुखांचे पुत्र. २०१४ मध्ये ते काटोलमधून भाजपचे आमदार झाले होते आणि नंतर त्यांनी राजीनामा दिला होता. पित्याप्रमाणे पुत्रही पराभूत झाला. अंतर होते ४९,३४४ मतांचे. (पुढे ते भाजपमध्ये परतले आणि २०२४ मध्ये सावनेरमधून निवडून आले.) स्थानिक राजकारणात पक्ष बदलतात, घराणी मात्र टिकतात, याचे इतके ठळक उदाहरण क्वचित मिळते.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी फडणवीस व प्रफुल्ल गुडधे पाटील पुन्हा समोरासमोर आले. फडणवीसांना १,२९,४०१ आणि गुडधे पाटलांना ८९,६९१ मते मिळाली. मताधिक्य ३९,७१०. म्हणजे २०१४ पासून ते प्रत्येक वेळी सुमारे दहा हजारांनी घटत आले आहे. यावरून विजेत्याचा जनाधार आटला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कारण २०१९ व २०२४ या दोन्ही वेळी त्यांचा वाटा सुमारे ५७ टक्केच होता. बदल झाला तो विरोधी बाजूस. पूर्वी अनेक उमेदवारांत विखुरणारी मते २०२४ मध्ये बहुतांशी काँग्रेसकडे एकवटली. दीक्षाभूमीचा परिसर असलेल्या या मतदारसंघात आंबेडकरी मतांचे विभाजन हा प्रत्येक निवडणुकीतील कळीचा मुद्दा राहिला आहे, आणि १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्षाची स्थापना याच शहरात झाली होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

निकालानंतर गुडधे पाटलांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात निवडणूक याचिका दाखल केली. २०२५ मध्ये मतदार यादीतील वाढीवरून या मतदारसंघाचे नाव राष्ट्रीय पातळीवरील वादातही आले. १९९९ मध्ये एका उमेदवारीच्या अदलाबदलीतून सुरू झालेली ही स्पर्धा अशा रीतीने मतदान केंद्रांवरून न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचली.