मस्तिष्काघातातील रक्तक्लथ

मेंदूला रक्त पुरविणारी रोहिणी (शुद्ध रक्त वाहून नेणारी वाहिनी) रक्ताच्या गुठळीने म्हणजे क्लथाने बंद पडल्यास तिच्या क्षेत्रातील तंत्रिका कोशिका मरू लागतात. या विकारास अरक्तताजन्य मस्तिष्काघात म्हणतात. अर्धांगवायू व वाचा जाणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. रोहिणी किती लवकर खुली होते यावर रुग्णाचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते. परंतु ती खुली होणे हे क्लथाच्या घडणीवरही अवलंबून असते, ही गोष्ट एकविसाव्या शतकातच स्पष्ट झाली.

एका ठिकाणी तयार झालेला क्लथ सुटून रक्तप्रवाहाबरोबर दूरची वाहिनी बंद करतो, हे जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखविले. टिलेट व गार्नर या अमेरिकन संशोधकांना १९३३ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस सूक्ष्मजंतूंपासून क्लथ विरघळविणारा पदार्थ मिळाला. मेंदूतील क्लथावर असे औषध वापरल्याचा वृत्तांत ससमन व फिच यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि झटका क्लथामुळे आला की रक्तस्रावामुळे, हे त्या वेळी खात्रीने ओळखता येत नसे. १९७१ मध्ये लंडन येथे रुग्णावर प्रथम वापरलेल्या सीटी स्कॅनमुळे ही अडचण दूर झाली. तरीही १९९० नंतर स्ट्रेप्टोकायनेजाच्या काही चाचण्या रक्तस्राव व मृत्यू वाढल्यामुळे मुदतीपूर्वीच थांबवाव्या लागल्या.

अमेरिकेत ६२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. झटक्यापासून तीन तासांच्या आत आल्टेप्लेज दिलेल्यांपैकी अधिक रुग्ण तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झाले होते. मात्र लक्षणे उत्पन्न करणारा मेंदूतील रक्तस्राव ०·६ टक्क्यांवरून ६·४ टक्क्यांवर गेला. शिवाय मोठ्या रोहिणीतील क्लथ या औषधाने पुष्कळदा विरघळत नसे. ८ मिमी.पेक्षा लांब क्लथ शिरेतून दिलेल्या औषधाने क्वचितच विरघळतो, असे जर्मनीतील एका अभ्यासात २०११ मध्ये आढळले.

क्लथ यंत्राने बाहेर काढण्याची पद्धत आल्यावर तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येऊ लागला. अशा क्लथांचे पहिले महत्त्वाचे विश्लेषण २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तांबड्या कोशिका, फायब्रीन व बिंबाणू यांचे प्रमाण क्लथागणिक व एकाच क्लथातही निरनिराळे असते, असे दिसून आले. तांबड्या कोशिकांनी समृद्ध क्लथ मऊ असतो, सीटी प्रतिमेत अधिक ठळक दिसतो व सामान्यतः सुलभतेने निघतो. फायब्रीन व बिंबाणू अधिक असलेला क्लथ ताठर असून तो काढण्यास अनेकदा वारंवार प्रयत्न करावे लागतात. पांढऱ्या कोशिकांनी सोडलेल्या डीएनएच्या जाळ्यांमुळेही क्लथ औषधाला दाद देत नाही.

नेदर्लंड्समधील ५०० रुग्णांच्या चाचणीत (२०१५) क्लथ यंत्राद्वारे काढण्याच्या उपचाराची जोड मिळालेल्यांपैकी ३२·६ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी १९·१ टक्के रुग्ण स्वावलंबी झाले. निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत हा उपचार लाभतो, असे २०१८ मध्ये सिद्ध झाले. मात्र क्लथाची घडण तो काढण्यापूर्वी अचूकपणे जाणता येत नाही; म्हणून उपचाराची निवड आजही प्रामुख्याने गेलेला वेळ, अडथळ्याची जागा व वाचू शकणारा मेंदूचा भाग यांवरूनच केली जाते.